एका वेल्श चॅपलची खजिनदार

दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांत कुठल्याही गावात शिरा, चॅपल दिसतंच. एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतून एकदम दुप्पट उंचीची दगडी दर्शनी भिंत वर येते. तिच्यावर बायबलमधलं एखादं नाव, बेथेल, एबनेझर, होरेब, आणि खाली दोन-तीन सालं कोरलेली: बांधलं ते, वाढवलं ते, पुन्हा बांधलं ते. सरकारमान्य चर्चपासून फुटून निघालेल्या मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल अशा पंथांची ही प्रार्थनाघरं. खाणकामगार, लोखंडाच्या भट्ट्यांवरचे मजूर, छोटे दुकानदार यांनी आठवड्याच्या पगारातून वर्गणी काढून आणि वर कर्ज घेऊन ती उभी केली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेल्समध्ये दर आठ दिवसांना एक चॅपल उभं राहत होतं, असं इथे नेहमी सांगतात. १९०४-०५ मध्ये इव्हान रॉबर्ट्स या खाणीत काम केलेल्या तरुणाच्या प्रवचनांनी धार्मिक लाट उसळली आणि चॅपलं माणसांनी ओसंडून गेली. त्या गर्दीसाठी बांधलेल्या इमारतींत आज रविवारी एक बाकसुद्धा भरत नाही.

म्हणून ती विकली जातात. काहींचे फ्लॅट होतात, काहींची गोदामं. काही नुसतीच उभी राहतात आणि पन्हळीतून झाडं उगवतात.

मी या खोऱ्यात नोकरीसाठी आले आणि राहिले. माझा व्यवसाय हिशेबांचा. चॅपलशी संबंध आला तो त्याच्या व्हेस्ट्रीमुळे, म्हणजे मागच्या बाजूला जोडलेल्या मोठ्या खोलीमुळे. रविवारची शाळा भरायची ती ही खोली. माझी मुलगी लहान असताना तिथल्या खेळगटात जायची. सभासद वयस्कर झाले, छप्पर गळायला लागलं, विम्याचा हप्ता परवडेना आणि पंथाच्या विश्वस्तांनी इमारत विकायचं ठरवलं. गावाची सभा भरली. तिथे ‘हिशेब कोण बघेल?’ हा प्रश्न आला तेव्हा मी हात वर केला. पुढे जे घडलं ते खजिनदाराच्या खुर्चीतून पाहिलेलं आहे, त्यामुळे यात वास्तुकलेपेक्षा पन्हळी, कर आणि हीटिंगचं बिल यांबद्दल जास्त आहे. अशा इमारतीचं मरण-जगणं याच गोष्टींवर ठरतं, असं मला आता ठामपणे वाटतं.

पहिली अडचण वेळेची. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकलिझम कायद्यानं गावाला महत्त्वाची इमारत कौन्सिलच्या यादीत नोंदवता येते, आणि ती विक्रीला निघाली की गावानं पैसे जमवावेत म्हणून सहा महिने विक्री रोखून धरता येते. वेल्समध्ये कायद्याचा हा भाग लागूच झालेला नाही. इथे गावाच्या हातात विनंतीशिवाय काही नसतं. दुसऱ्या बाजूला विश्वस्तांचे हातही बांधलेले असतात. धर्मादाय संस्थेनं जमीन विकताना पात्र मालमत्ता-सल्लागाराचा लेखी अहवाल घ्यावा लागतो आणि त्या परिस्थितीत मिळतील तितक्या चांगल्या अटींवरच विक्री करावी लागते. ‘आमच्याच पणजोबांनी बांधलंय, आम्हालाच द्या’ असं सभेत कळकळीनं बोललं गेलं. त्यामागची भावना खरी होती, पण त्यावर विश्वस्त सही करू शकत नव्हते. आम्ही बाजारभाव देऊ, पण जमवायला मुदत द्या, असं सांगितलं आणि त्यांनी ती दिली. कागदावर त्यांच्यावर तसं बंधन नव्हतं. शेवटपर्यंत टिकलेल्या सभासदांनी आमच्यासाठी शब्द टाकला, हेच त्यामागचं कारण.

खरेदीपत्रात एक जुनी अट आली: इमारतीत दारूची विक्री नाही आणि जुगार नाही. वेल्श चॅपल संस्कृतीत मद्यपानबंदीचं स्थान फार मोठं होतं. रविवारी दारूचे गुत्ते बंद ठेवणारा १८८१ चा खास वेल्ससाठीचा कायदा याच लोकांच्या रेट्यामुळे झाला. समितीतल्या काहींचं म्हणणं होतं की बारशिवाय संगीताचे कार्यक्रम परवडणार नाहीत, ही अट काढून घ्या. मी आकडे मांडून पाहिले. बारचं उत्पन्न मोठं दिसत होतं, पण त्यासाठी लागणारा परवाना, माणसं, रात्रीची साफसफाई हेही मोठं होतं. अट आम्ही मान्य केली. आज व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांचा गट आमच्याकडे नेमानं जमतो. गावात दारूचा वास नसलेली संध्याकाळची जागा दुसरी नाही, हे त्यांच्याच एका सभासदानं मला सांगितलं.

संस्था कुठल्या रूपात नोंदवायची यावर खूप चर्चा झाली. आम्ही समाजहितासाठीची सहकारी संस्था निवडली. २०१४ च्या सहकार कायद्यानुसार ती वित्तीय नियामकाकडे नोंदवली जाते आणि लोकांना भाग विकून भांडवल उभं करू शकते. कुणी कितीही भाग घेतले तरी मत एकच. एका व्यक्तीची गुंतवणूक १ लाख पौंडांच्या वर जाऊ शकत नाही. भाग बाजारात विकता येत नाहीत. संस्थेची ऐपत असेल तेव्हा ते संस्थेकडेच परत करून मूळ रक्कम घेता येते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला सहकार समजावून सांगावा लागत नाही, पण सहकाराचा एक मोठा पुरस्कर्ता रॉबर्ट ओवेन हा वेल्समधल्या न्यूटाउनचा, जन्म १७७१ चा, हे मला इथे येऊन कळलं. भाग खरेदीची किमान रक्कम मी हट्टानं कमी ठेवायला लावली. पैसा थोड्या मोठ्या भागधारकांकडून पटकन जमला असता, पण मला भागधारकांची संख्या हवी होती. ज्यानं भाग घेतलाय तो खोली भाड्यानं घेतो, खुर्च्या मांडायला येतो, गळकं छप्पर दिसलं की फोन करतो.

मग संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारद बाईंनी इमारतीची तपासणी केली. तोपर्यंत समितीत प्रत्येकाच्या डोक्यात एक चित्र तयार होतं: काचेची लिफ्ट, कॉफीचं काउंटर, रंगीत प्रकाश. त्यांनी अहवाल समोर ठेवला आणि म्हणाल्या, ‘पहिलं वर्ष फक्त पाण्याचं.’

त्यांचं म्हणणं अहवालाच्या पानापानावर दिसत होतं. छपरावरच्या स्लेटच्या पाट्या उत्तर वेल्सच्या खाणींतल्या, त्याच प्रदेशाला २०२१ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पाट्या बहुतेक शाबूत होत्या. गंजले होते ते त्यांना धरून ठेवणारे लोखंडी खिळे. खिळा गेला की पाटी घसरते, घसरलेल्या जागेतून पाणी शिरतं, आणि लोक म्हणतात छप्परच संपलं. पाट्या उतरवून, प्रत्येकीवर बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजली ती परत तांब्याच्या खिळ्यांवर बसवायची, बद्द वाजली ती बाजूला. दुसरी जागा मुख्य सभागृह आणि व्हेस्ट्रीच्या छपरांमधली शिशाची पन्हळ. तिच्यात कबुतरांची घरटी, शेवाळ आणि कित्येक वर्षांचा पाला. पाणी वाट मिळेल तिकडे, म्हणजे भिंतीत उतरलेलं. त्या भिंतीत टेकवलेल्या तुळईच्या टोकाला ड्राय रॉट धरला होता. ही बुरशी लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर गेली की मूळ धरते आणि मग विटा-दगडांवरूनही धागे पसरत पुढच्या लाकडाकडे सरकते. तिच्यावर औषधं मारणाऱ्या कंपन्या आहेतच. पण बाईंनी आधी पन्हळ मोकळी केली, कुजलेलं टोक कापून नवं लाकूड जोडलं, हवा खेळती केली आणि भिंत वाळू दिली. ओलीचं मीटर दर महिन्याला लावून मी स्वतः आकडे वहीत लिहीत होते. ते खाली येताना पाहणं हा या सगळ्या कामातला माझा सर्वांत मोठा आनंद होता.

विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली तेव्हापासून हीच गोष्ट सांगितली जातेय: रोजच्या काळजीनं पडझड लांब ठेवा. पण देणगीदारांना हे पटवणं फार जड गेलं. देणगी देणाऱ्याला आपलं नाव कशावर तरी हवं असतं. पन्हळीवर पाटी कोण लावणार? आमच्या पहिल्या पैशांतला बहुतेक पैसा अशा ठिकाणी गेला जिथे कुणी पाहुणा कधी पोचणार नाही. वार्षिक सभेत लोकांनी विचारलं, ‘एवढे पैसे गेले, दिसत तर काहीच नाही.’ मी पोटमाळ्यातले फोटो मोठे करून भिंतीवर लावले आणि शिडी चढू शकणाऱ्यांना गटागटानं वर नेलं. त्यानंतर तो प्रश्न परत आला नाही.

भिंतींची कहाणी सिमेंटची आहे. खोऱ्यातला पेनंट वाळूदगड चुन्यात बांधलेला असतो. चुना मऊ, पाणी शोषणारा आणि सोडणारा. पावसात भिंत ओली होते, ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. गेल्या शतकात कधीतरी कुणी चांगल्या हेतूनं सांधे सिमेंटनं भरले. सिमेंट ओल अडवून धरतं, मग ती दगडातून बाहेर पडू पाहते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे निघतात. आत गिलावा फुगतो. ते सिमेंट छिन्नी-हातोड्यानं हातानं काढावं लागतं, ग्राइंडर लावला तर दगडाच्या कडा जातात. सिमेंट उद्योगातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के येतो, हेही आमच्या अर्जांत लिहिलं होतं. पण चुन्याकडे आम्ही वळलो ते इमारतीची प्रकृती तेच मागत होती म्हणून. गावातल्या काही तरुणांनी काम चालू असताना चुन्याचे सांधे भरायला शिकून घेतलं. त्यांच्यातला एक आता हेच काम करून पोट भरतो.

कराबद्दल मला राग आहे आणि तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटनमध्ये धर्मादाय वापरासाठी नवी इमारत बांधली तर तिच्यावर व्हॅट शून्य असू शकतो. जुनी दुरुस्त केली तर २० टक्के. संरक्षित इमारतींत परवानगी घेऊन केलेल्या बदलांवर पूर्वी शून्य दर होता, तो १ ऑक्टोबर २०१२ पासून काढून घेतला. प्रार्थनास्थळांना व्हॅटची भरपाई देणारी सरकारी योजना होती, पण ती प्रार्थना चालू असेपर्यंतच. म्हणजे इमारत गावाच्या हाती आली त्याच दिवशी तिची दुरुस्ती महाग झाली. उभ्या दगडात, लाकडात, काचेत आधीच खर्च झालेली ऊर्जा जपायची तर जास्त कर, आणि सगळं नव्यानं आणायचं तर कमी. पर्यावरणाचं नाव घेणाऱ्या कुठल्याही देशाला हे शोभत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर सर्वांत अवघड बैठकीचं सांगते. मोठं अनुदान मिळण्याची खरी शक्यता नॅशनल लॉटरी हेरिटेज फंडाकडूनच होती. समितीत चॅपलच्या जुन्या सभासदांपैकी एक आजी होत्या. आयुष्यभर इथेच आलेल्या, त्यांचं लग्न इथेच झालेलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘जुगाराच्या पैशानं हे छप्पर दुरुस्त होणार असेल तर ते पडलेलं बरं.’ खोली गप्प झाली. एका तरुण सभासदानं उत्तर दिलं की हा पैसा याच रस्त्यावरच्या लोकांच्या खिशातून जातो, तर तो याच रस्त्यावर परत का येऊ नये? त्यावर त्या म्हणाल्या, ‘दुकानात तिकिटं कोण घेतं ते मी रोज बघते. ज्यांना परवडत नाही ते घेतात. म्हणूनच म्हणते.’ दोघांचंही बरोबर होतं. अशा वेळी खजिनदारानं गप्प बसू नये असं मला वाटतं, म्हणून मी आकडे सांगितले: लॉटरीचा पैसा न घेता आम्ही किती वर्षांत कुठवर पोचू आणि तोवर छपराचं काय होईल. मतदान झालं. अर्ज करायचं ठरलं, आजींनी विरोधात मत दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या. त्यांच्या नवऱ्याच्या नावानं ठेवलेली काही रक्कम त्यांना द्यायची होती, अट एकच. ‘व्यासपीठ, पुढचं ज्येष्ठांचं बाक आणि महायुद्धात गेलेल्या मुलांची पाटी यांना तू त्या पैशाचा स्पर्श होऊ देऊ नकोस.’ मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसंच होईल. हिशेबात त्यासाठी वेगळा निर्बंधित निधी उघडला. आणखी काही जुन्या सभासदांनी त्यात भर घातली. त्या तीन गोष्टींची सगळी दुरुस्ती त्याच निधीतून झाली, आणि प्रत्येक वर्षाच्या ताळेबंदात ती ओळ वेगळी दिसते. माझ्या व्यवसायात मी पुष्कळ ताळेबंद केले आहेत. ही ओळ लिहिताना मी प्रत्येक वेळी दोनदा तपासते.

बाकांवरून अपेक्षेप्रमाणे रण माजलं. चॅपलचं सभागृह म्हणजे पिच पाइनच्या लाकडाची जमिनीला ठोकलेली बाकं, तिन्ही बाजूंनी लोखंडी खांबांवर तोललेला सज्जा, समोर उंच व्यासपीठ आणि त्याच्या पायाशी कठड्यानं वेढलेलं ज्येष्ठांचं बाक, ज्याला इथे सेट वाउर म्हणतात. बाकं ठेवली तर तिथे नाच, व्यायाम, बाजार, जेवण काहीच होणार नाही. सगळी काढली तर राहील तो एक रिकामा डबा. इमारत ग्रेड टू संरक्षित, त्यामुळे कौन्सिलची परवानगी अनिवार्य. परवानगीशिवाय बदल करणं हा गुन्हा आहे. वेल्समध्ये अर्जासोबत वारशावरच्या परिणामाचं निवेदन जोडावं लागतं: या गोष्टीचं महत्त्व काय, तुम्ही काय बदलणार, दुसरा मार्ग का नाही. सुरुवातीला ते मला कागदी ओझं वाटत होतं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की समितीनं हे प्रश्न एकमेकांना कधी विचारलेच नव्हते. बाकं महत्त्वाची आहेत, पण सगळी सारखीच महत्त्वाची आहेत का? त्या लिखाणातून तोडगा निघाला. सज्जावरची सगळी बाकं, सेट वाउर, व्यासपीठ आणि तळमजल्यावरच्या कडेच्या दोन रांगा जागेवर. मधली बाकं काढून त्यांतल्या काहींना चाकं, बाकीच्या लाकडातून व्हेस्ट्रीतली कपाटं आणि टेबलं.

तळमजल्याची जमीन व्यासपीठाकडे उतरती होती. चाकाच्या खुर्चीसाठी ती धोक्याची. जुन्या फळ्यांना हात न लावता त्यांच्यावर लाकडी सांगाड्याची सपाट जमीन केली, मध्ये लाकडाच्या तंतूंचं इन्सुलेशन. उद्या कुणाला वाटलं तर ती स्क्रू काढून उचलता येईल, खाली जुनी जमीन जशीच्या तशी मिळेल. खालच्या पोकळीत हवा जाणारी जाळीची विटांची तोंडं मात्र पूर्वी कुणीतरी बुजवली होती, ती आधी उघडावी लागली.

ऊर्जेबद्दल लोक फार विचारतात, म्हणून सविस्तर. एवढं मोठं सभागृह सतत गरम ठेवणं हा विचारच सोडून द्यावा. आम्ही इमारतीचे दोन भाग केले. व्हेस्ट्री रोज वापरात असते, म्हणून ती उबदार ठेवायची: बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत देणारा हीट पंप, मोठे रेडिएटर, कारण पंप कमी तापमानाच्या पाण्यावरच काटकसरीनं चालतो, खिडक्यांना आतून दुसरी काच, भिंतींना कॉर्क मिसळलेला चुन्याचा गिलावा. हा गिलावा थोडी ऊब धरतो आणि भिंतीचा श्वास अडवत नाही. सभागृहात नुसती मंद ऊब, ओल वाढू नये एवढीच. कार्यक्रमाच्या वेळी तिथे माणसं गरम करायची, हवा नाही. छताखाली लटकवलेली इन्फ्रारेड पॅनेलं आणि बाकांवर विजेवर तापणाऱ्या गाद्या. या गाद्यांना काही डझन वॉट पुरतात.

सर्वांत मोठा फरक पडला तो स्वस्तातल्या दोन गोष्टींनी. एक, पोटमाळ्यात छताच्या गिलाव्यावर मेंढीच्या लोकरीचा जाड थर, आधी इंजिनिअरकडून वजनाची खात्री करून. दुसरी, छताच्या मधोमध असलेलं प्लास्टरचं नक्षीदार फूल. त्याच्या पाकळ्यांमध्ये भोकं आहेत. गॅसच्या दिव्यांची उष्णता आणि धूर बाहेर काढायला ती केलेली होती. दिवे गेले, भोकं राहिली, आणि शंभर वर्षं सगळी ऊब तिथून आकाशात जात होती. वरून एक झाकण बसवलं, गर्दीच्या वेळी उघडता येणारं. नक्षीला धक्काही लागला नाही. रस्त्यावरून न दिसणाऱ्या व्हेस्ट्रीच्या दक्षिण उतारावर सौर पॅनेलं आहेत. उद्घाटनाच्या फोटोत तीच आली, लोकर आली नाही.

वटवाघळांचं थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे आणि वेल्समध्ये त्यासाठीचा परवाना नॅचरल रिसोर्सेस वेल्स देते. आमच्या छपरात पिपिस्ट्रेलच्या माद्या उन्हाळ्यात पिलांसाठी जमतात. त्यामुळे छपराचं काम उन्हाळ्यात बंद. चुन्याला मात्र थंडी चालत नाही, तापमान ५ अंशांच्या खाली गेलं की काम थांबवायचं. म्हणजे छप्पर थंडीत, भिंती उन्हाळ्यात, आणि अनुदानाचा हिशेब ३१ मार्चला. हे जमवायला ठेकेदारापेक्षा वेळापत्रक करणाऱ्याचं डोकं जास्त लागतं. स्लेटखाली हल्लीचे श्वास घेणारे पडदे बहुधा वापरत नाहीत, कारण त्यांच्या सुटलेल्या धाग्यांत वटवाघळं अडकून मरतात. जुन्या धर्तीचं बिटुमेनचं फेल्ट घातलं.

व्हेस्ट्रीतलं कपाट रिकामं करताना छोट्या दानपेट्या निघाल्या, लहान मुलांच्या हातात मावतील अशा. हे चॅपल कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट पंथाचं, म्हणजे आजच्या प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ वेल्सचं. या पंथाचा मोठा मिशन आपल्या ईशान्य भारतात होता. थॉमस जोन्स १८४१ मध्ये चेरापुंजीला पोचला आणि त्यानं खासी भाषा रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली. शिलाँगचं १९२२ चं मिशन हॉस्पिटल याच मंडळींनी काढलेलं. खाणकामगारांची मुलं खोऱ्यातल्या या खोलीत बसून खासी टेकड्यांसाठी पेन्या टाकत होती. आजींना ‘चेरा’ हे नाव लहानपणापासून पाठ होतं. मी कधी तिथे गेले नाही, हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं. मिशनच्या कामाबद्दल माझी मतं मिश्र आहेत, आणि ती मी त्यांच्याशी मोकळेपणानं बोलले. पेट्या मात्र फेकायच्या नाहीत यावर आमचं एकमत होतं. चॅपलच्या नोंदवह्या पंथाच्या दप्तरासोबत अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेल्या, पेट्या इथेच काचेच्या कपाटात आहेत. शाळेची मुलं येतात तेव्हा सर्वांत जास्त प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारतात.

व्हेस्ट्री आम्ही आधी उघडली, सभागृहाचं काम चालू असतानाच. हा निर्णय मला सगळ्यांत योग्य वाटतो. कुठल्या गोष्टीला माणसं येतात हे त्यातून कळलं, आणि सभागृहाचा आराखडा त्यावरून बदलला. सर्वेक्षणात लोकांनी सिनेमा आणि कला दालन लिहिलं होतं. प्रत्यक्षात गर्दी झाली ती बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करण्याच्या सकाळी, हिवाळ्यात फुकट ऊब आणि सूप मिळणाऱ्या दुपारी आणि वेल्श शिकण्याच्या वर्गाला. म्हणून सभागृहात ठरवलेलं कायमचं छोटं रंगमंच रद्द झालं आणि त्या जागी सामान ठेवायच्या खोल्या आल्या. सामाजिक इमारतीत सामान ठेवायला जागा कधीच पुरत नाही. मर्थर टिडव्हिलमधलं सोअर, मखान्लेथमधलं टॅबरनॅकल अशी गावांनी नव्या वापरात आणलेली चॅपलं आम्ही आधी जाऊन पाहिली होती. तिथल्या लोकांना मी एकच विचारत होते, मंगळवारी सकाळी इथे कोण असतं? कार्यक्रमाची शनिवार संध्याकाळ कुणालाही भरता येते. हीटिंगचं आणि विम्याचं बिल मात्र मंगळवारच्या सकाळींमुळेच भागतं.

आमच्या अंदाजपत्रकात एक ओळ अशी आहे जिला हात लावायची कुणालाच परवानगी नाही: दरवर्षी उत्पन्नातून बाजूला काढायचा दुरुस्ती निधी. त्यातून वर्षातून दोनदा पन्हळी साफ होतात आणि दर पाच वर्षांनी पूर्ण तपासणी. अनुदान देणारे बांधकामाला पैसे देतात, झाडूला देत नाहीत. भावी पिढ्यांच्या कल्याणाचा २०१५ चा वेल्श कायदा सरकारी संस्थांना दूरचा विचार करायला लावतो आणि त्याची भाषा प्रत्येक अर्जात येते. त्या रकान्यात मी दरवेळी पन्हळींचं वेळापत्रक जोडते.

सध्या वाद सज्जाचा आहे. वर जायला दोन जिने आहेत, पण दोन्ही खाली एकाच देवडीत उतरतात, त्यामुळे अग्निसुरक्षेच्या हिशेबात बाहेर पडायची वाट एकच धरली जाते आणि वर ६० पेक्षा जास्त माणसं बसवता येत नाहीत. पूर्वी तिथे शेकडो बसायचे. समितीतल्या अर्ध्या लोकांना मागच्या भिंतीतून नवं दार आणि बाहेरून लोखंडी जिना हवा आहे, म्हणजे समूहगायनाच्या मेळाव्याला सज्जा भरता येईल. मी विरोधात आहे. तसे मेळावे वर्षातून मोजके होतात, भिंत मात्र कायमची फुटेल, आणि त्याच पैशात उत्तरेच्या भिंतीवरचं उरलेलं सिमेंट निघेल. पुढच्या सभेत मतदान आहे. आजींना सज्जा भरलेला बघायचाय, त्यामुळे यावेळी त्या आणि मी वेगवेगळ्या बाजूंना आहोत. दोन्ही कामांचे अंदाज मी सभासदांना आजच पाठवले.